शिंदीचं झाड आणि तेलाची विहीर

छत्रपती संभाजीनगरहून मनमाडकडे निघालेली गाडी दौलताबाद आणि पोटूळ मागे टाकते आणि लासूरला येते. मूळ लासूर शिवना नदीच्या काठचं, दाक्षायणी देवीचं. पण कापूस, मका नि कांदा घेऊन शेतकरी जिथे येतो, त्या बाजारगावाचं नाव लासूर स्टेशन. रूळ आले, रुळांच्या कडेला आडत आली, दुकानं आली, वस्ती वाढली आणि 'स्टेशन' हा शब्द गावाच्या नावातच मुरला.

हा लोहमार्ग इंग्रजांच्या मुंबई इलाख्याचा नव्हता. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने तो १९०० च्या सुमारास सुरू झाला. रूळ मीटरगेज होते आणि राज्य निजामाचं होतं. मनमाडहून निघालेली गाडी नगरसूलपर्यंत इंग्रजी मुलखात असायची. रोटेगावला पोचेपर्यंत ती दुसऱ्या देशात शिरलेली असायची. दुसरा देश हा शब्द इथे जपून वापरला आहे. पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया चालायचा, अलीकडे निजामाचा हाली सिक्का. सहा कलदार द्या, सात हाली घ्या, असा हिशेब होता. टपालाची तिकिटं वेगळी होती आणि कचेरीची भाषा उर्दू होती. वर्षसुद्धा फसली सनाचं. माल सरहद्द ओलांडू लागला की करोडगिरी भरावी लागे. करोडगिरी म्हणजे जकात. कापसाच्या गाठीपासून कापडाच्या ताग्यापर्यंत कशाचीच तिच्यातून सुटका नव्हती.

या मुलखाचा शेवटचा सत्ताधीश मीर उस्मान अली खान. १९११ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे ३७ वर्षं, लासूरच्या शेतकऱ्याच्या जमिनीचा, भाषेचा, शाळेचा आणि सभेचा अखेरचा निर्णय त्याच्या शब्दावर होता. आज एकहाती सत्ता आणि अमाप पैसा म्हटलं की आपल्याला तेलाच्या विहिरींवर बसलेले हुकूमशहा आठवतात. इराकचा सद्दाम हुसेन, लिबियाचा गडाफी. पण असा एक सत्ताधीश आपल्या आजोबा-पणजोबांनी जवळून अनुभवला होता. निजाम आणि हे हुकूमशहा यांच्यात साम्य पुष्कळ आहे आणि फरक एकच आहे. तो फरक नीट समजला तर राज्यकारभाराचं एक मोठं गुपित उलगडतं.

हिऱ्याखाली दबलेले कागद

आसफजाही घराण्याची मुळं आपल्याच परिसरातली. मूळ पुरुष निजाम-उल-मुल्क याने १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर दख्खनमध्ये आपली सत्ता कायम केली. त्याची सुरुवातीची राजधानी औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. १७२८ मध्ये बाजीराव पेशव्यांनी त्याला कोंडीत पकडलं ते पालखेड आजच्या वैजापूर तालुक्यात, आणि त्याची कबर आहे खुलदाबादला. पुढे राजधानी हैदराबादला गेली आणि मराठवाडा राजधानीपासून दूरचा, दुर्लक्षित मुलूख झाला.

सातवा निजाम उस्मान अली १८८६ मध्ये जन्मला आणि वडील महबूब अली खान वारल्यावर पंचविसाव्या वर्षी गादीवर आला. त्याचं राज्य ८२ हजार चौरस मैलांहून मोठं होतं. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर भरली. त्यांतले निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलत, सुमारे पाव मराठी, त्याखालोखाल कानडी आणि उर्दू. तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कर्नाटकाचे तीन असे सोळा जिल्हे. स्वतःचं सैन्य होतं, स्वतःचं चलन होतं, आणि १९३० पासून रेल्वेही कंपनीकडून विकत घेतलेली, सरकारी मालकीची होती.

२२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकात अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याचं चित्र छापलं आणि जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याची ओळख करून दिली. याच माणसाची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. वडिलांच्या जुन्या जोड्याच्या टोकात त्याला एक हिरा सापडला. लिंबाएवढा, सुमारे १८५ कॅरटचा 'जेकब' हिरा. तो त्याने टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला. अंगावर मळकी शेरवानी, डोक्यावर जुनी टोपी, हातात स्वस्तातली चारमिनार सिगारेट आणि समोर त्या हिऱ्याखाली दबलेले कागद.

त्या हिऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण लासूरच्या शेतकऱ्याचं भवितव्य होतं ते हिऱ्याखालच्या कागदांत. कारण राज्याचा कायदा म्हणजे फर्मान, आणि फर्मानावर सही एकाच माणसाची. कायदेमंडळ नावापुरतं होतं. त्यात सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेली माणसं बसत. मंत्र्यांचं कौन्सिल सल्ला देई, पण तो मानायचा की नाही हे निजाम ठरवी.

तिजोरी भरायची कशी

हिरे दिसतात, पण हिऱ्यांवर राज्य चालत नाही. निजामाची तिजोरी भरत होती ती जमिनीतून आणि माणसांच्या घामातून. राज्याच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन हिस्से होते. साठ टक्क्यांच्या आसपास जमीन दिवाणी, म्हणजे सरकारी वसुलीची. सुमारे तीस टक्के जहागीरदारांकडे. उरलेली दहा टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता, जिचं उत्पन्न राज्याच्या नव्हे तर थेट त्याच्या स्वतःच्या खजिन्यात जाई. एका राज्याचा दहावा हिस्सा एका माणसाच्या खासगी खात्यावर! वर दरबारात जाणाऱ्याने अशरफीचा नजराणा द्यायचा, तो वेगळाच.

सरकारी उत्पन्नात पहिला मान शेतसाऱ्याचा. त्याच्यामागोमाग आबकारी, म्हणजे दारू-ताडीवरचा कर. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडालासुद्धा सरकारी मोल होतं, कारण त्याचा रस ठेकेदाराकडे जाई आणि ठेक्याचा पैसा सरकारकडे. नंतर करोडगिरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यात लेव्हीची भर पडली. खळ्यावरचं धान्य घरात येण्याआधीच सरकारचा वाटा मोजून द्यायचा. गावच्या पाटील-पटवाऱ्याचं दप्तर हे या साऱ्या यंत्रणेचं शेवटचं टोक होतं. रयतेला राजा कधी दिसत नसे. दिसे ते पटवाऱ्याचं दप्तर.

आता त्या तिजोरीतून काय बाहेर आलं, तेही प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे. १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं होतं. उस्मान अलीच्या काळात उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले आणि शहर सावरलं. निजामसागर धरण झालं. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं. इंग्रजीऐवजी देशी भाषेत, उर्दूत, उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. १९३२ मध्ये रेल्वे खात्यानेच २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. अजिंठ्याची चित्रं ढासळत होती, तेव्हा इटलीहून दोन तज्ज्ञ आणून त्यांची डागडुजी करवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्याने मदत दिली. तिथलं 'निजाम गेस्ट हाऊस' आजही त्याची साक्ष देत उभं आहे.

ही कामं मोठीच होती. पण त्यांतलं प्रत्येक काम मेहेरबानी म्हणून आलं, हक्क म्हणून नव्हे. धरण कुठे व्हावं हे मराठवाड्याने ठरवलं नाही. विद्यापीठाची भाषा कोणती असावी, हे ज्यांची मातृभाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी होती त्या बहुसंख्यांना कोणी विचारलं नाही. मराठी मुलाला शिकायचं तर औरंगाबादची सरस्वती भुवन, गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय, अंबाजोगाईचं योगेश्वरी अशा लोकांनी वर्गणीतून उभ्या केलेल्या शाळांकडे जावं लागे. त्या चालवायलाही सरकारची परवानगी लागे. सभा भरवायची तर कुप्रसिद्ध 'गश्ती निशाण ५३' आडवी येई. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही, असा तो हुकूम होता.

मेहेरबानी आणि हक्क यांत असा फरक असतो. फर्मानाने मिळालेलं फर्मानाने काढूनही घेता येतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली, आणि उस्मानियातही तेच घडलं. ज्या विद्यापीठाचा एवढा गौरव झाला, त्याचीच दारं त्या मुलांना बंद झाली. नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला, म्हणून त्यांची वर्षं वाचली. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच.

पाइपातून येणारा पैसा

आता जरा आखातात जाऊ. कोणत्याही बादशहाला पैसा लागतो, म्हणून तो रयतेकडे कर मागतो. रयत म्हणते, देतो, पण हिशेब दाखव. जगभरातल्या कायदेमंडळांची पाळंमुळं या घासाघिशीत सापडतात. पण पैसा जमिनीतून पाइपाने थेट वर येऊ लागला, तर रयतेकडे जायची गरजच उरत नाही. मग हिशेब कोणाला द्यायचा?

इराकने १ जून १९७२ रोजी परदेशी कंपनीच्या ताब्यातलं तेल सरकारी केलं. त्या निर्णयामागे सद्दाम होता. पुढच्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तेलाच्या किमती जवळपास चौपट झाल्या. इराकमध्ये पैशाचा पूर आला. रस्ते, दवाखाने, शाळा झाल्या. प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम झाली. हे खोटं नाही. पण जुलै १९७९ मध्ये सद्दाम राष्ट्राध्यक्ष झाला आणि काही दिवसांतच त्याने स्वतःच्या पक्षाच्या नेत्यांची सभा बोलावली. तिथे एकेक नाव वाचलं गेलं, त्या त्या माणसाला सभागृहाबाहेर नेलं गेलं आणि त्यांतल्या अनेकांना ठार करण्यात आलं. कोणी अडवलं नाही, कारण अडवण्याचं साधनच कोणाच्या हाती नव्हतं. त्याने इराणशी आठ वर्षं युद्ध केलं. २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत गिळला. तिथून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावं लागलं. आखातावर ज्यांची चूल अवलंबून होती अशा कोकणातल्या घरांना तो काळ चांगला आठवतो.

लिबियात १ सप्टेंबर १९६९ रोजी अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मुअम्मर गडाफीने राजाला हटवलं आणि पुढे ४२ वर्षं राज्य केलं. वाळवंटाखालचं पाणी शेकडो कोस दूरच्या शहरांना पोचवणारी प्रचंड जलवाहिनी त्याने उभारली. पण राजकीय पक्ष काढणं हा गुन्हा ठरवला. इथेही तेच. पाणी मिळालं, आवाज मिळाला नाही.

मग तेलच वाईट का? नाही. नॉर्वेला १९६९ मध्ये समुद्राखाली तेलाचा मोठा साठा लागला. पण त्याआधी दीडशे वर्षं, १८१४ पासून, त्या देशाला राज्यघटना होती, आणि पुढे संसद व निर्भय वर्तमानपत्रं रुजली होती. तेलाचा पैसा आला तेव्हा 'हा आमचा आहे' असं म्हणणारे लोक आधीच हजर होते. त्यांनी तो पुढच्या पिढ्यांसाठी निधीत टाकला. तेव्हा तेल आधी येतं की हिशेब मागायची सवय, यावर देशाचं नशीब ठरतं.

कुऱ्हाड कुठे पडली

निजाम आणि तेलवाले हुकूमशहा यांच्यातला फरक आता नीट दिसेल. निजामाचा पैसा आपोआप येत नव्हता. तो शेतकऱ्याच्या हातातून, खळ्यातून, बैलगाडीतून जात होता. आणि जे हातातून जातं ते हात अडवूही शकतात.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन झाली आणि झाल्या झाल्या तिच्यावर बंदी आली. तरी सत्याग्रह झाला. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, पेशाने शिक्षक. त्यांच्याबरोबर गोविंदभाई श्रॉफ आणि असंख्य अनाम कार्यकर्ते. जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केलं की इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार. १५ ऑगस्टला मनमाडला तिरंगा फडकला, पण रोटेगाव, लासूर, औरंगाबाद पारतंत्र्यातच राहिलं.

त्यानंतरच्या वर्षभरात गावोगाव काय घडलं, तिकडे लक्ष द्या. सरहद्दीवर सोलापूर, बार्शी, मनमाड, चाळीसगाव अशा ठिकाणी कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. त्यांनी पहिला घाव घातला तो करोडगिरीच्या नाक्यांवर. शेतकऱ्यांनी लेव्ही नाकारली. पाटील-पटवाऱ्यांची दप्तरं जाळली. आणि रानातली शिंदीची झाडं तोडली. एक झाड तोडलं की आबकारीची एक धार आटली. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची स्टेट बँक लुटून तो पैसा लढ्यासाठी वापरला गेला. ही नासधूस नव्हती. शेतसारा, आबकारी, करोडगिरी, लेव्ही अशी निजामाच्या तिजोरीची एकेक नळी लोकांनी हेरून कापली होती. राज्यशास्त्राचं एकही पुस्तक न वाचलेल्या शेतकऱ्याला सत्तेची नाडी बरोबर सापडली होती. त्याच्या हातात कुऱ्हाड होती आणि ती कुठे मारायची ते त्याला ठाऊक होतं.

सद्दामच्या इराकमधल्या शेतकऱ्याने कुठलं झाड तोडायचं? विहिरी दूर, त्यांच्याभोवती सैन्य. हुकूमशहाला त्याच्या पिकाची गरज नाही आणि सहीचीही नाही. पण जिथे माणसाचा हात नळीपर्यंत पोचला, तिथे तेलाचं राज्यही हललं. १९७८ च्या शरद ऋतूत इराणच्या तेल कामगारांनी संप केला. निर्यात जवळपास थांबली. ज्या शहाला जगातल्या बलाढ्य सत्तांचा पाठिंबा होता, त्याला १६ जानेवारी १९७९ रोजी देश सोडून जावं लागलं. आपल्याकडचं शिंदीचं झाड आणि इराणमधला तो संप, दोन्हींचा धडा एकच आहे.

पाच दिवस आणि त्यानंतर

निजामाने मात्र गावोगावच्या त्या कुऱ्हाडीचा इशारा ओळखला नाही. लातूरचा वकील कासीम रझवी आणि त्याचे रझाकार, म्हणजे सशस्त्र स्वयंसेवक, यांच्या हाती त्याने राज्याची लगाम जाऊ दिली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी जैसे थे करार झाला, पण रझाकारांचे गावांवरचे हल्ले थांबले नाहीत. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान याचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर खून झाला. एक मुसलमान संपादक निजामाच्या मुसलमान प्रजेला सत्य सांगत होता, हे विसरून चालणार नाही. लढा धर्माविरुद्ध नव्हता, एकहाती सत्तेविरुद्ध होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा आत शिरल्या. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. पाच दिवसांत सव्वादोनशे वर्षांचं राज्य संपलं. त्याच दिवसांत, राज्य हातातून निसटत असताना, दहा लाख पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले गेले. त्या पैशाचा खटला तब्बल २०१९ मध्ये भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने निकालात निघाला, तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंड झाली होती. राज्य बुडत असताना आधी पैसा बाहेर काढायचा, ही सवय तेलवाल्या हुकूमशहांच्या फार आधीची आहे.

मुक्तीच्या या कहाणीला एक काळी बाजूही आहे. भारतीय फौजांच्या या 'पोलीस कारवाई'नंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत सामान्य मुसलमानांवर भयंकर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. ज्यांनी कधी फर्मान काढलं नाही त्यांनी फर्मानाची किंमत मोजली. एकहाती सत्ता कोसळते तेव्हा ढिगाऱ्याखाली बहुतेक वेळा गरीबच सापडतात. २००३ मध्ये सद्दामची सत्ता गेल्यावर बगदादनेही हेच पाहिलं.

१९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारजमा झाली आणि जहागिरी रद्द झाल्या. उस्मान अली १९५६ पर्यंत राजप्रमुख होता. १९६५ च्या युद्धानंतर त्याने पाच टन सोनं देशाला दान दिलं, अशी कथा आजही फिरते. खरं म्हणजे त्याने ४२५ किलो सोनं व्याज देणाऱ्या सरकारी सुवर्ण रोख्यांत गुंतवलं होतं. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी तो वारला. त्याचा खजिना भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना विकत घेतला. टेबलावरचा तो जेकब हिरा आता तुमच्या-माझ्या मालकीचा आहे.

नळीवरचा हात

मराठवाड्यातून निजाम गेला, त्याचे कागद राहिले. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा प्रश्न आला तेव्हा २०२३ पासून सरकारी समिती निजामकालीन उर्दू दप्तरं उलगडत बसली. ज्या दप्तरांच्या जोरावर सारा वसूल झाला, त्यांतून आज लोक आपला हक्क शोधताहेत. त्यांतलीच काही दप्तरं गावोगाव जाळली गेली होती. जी उरली त्यांत नातवंडं आजोबांचं नाव हुडकताहेत.

मनमाडजवळ पानेवाडीला इंधन कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तिथून भरून निघालेले टँकर मराठवाड्यातल्या पंपांना डिझेल पोचवतात. कांद्याची ट्रॉली लासूरच्या बाजारात आणणाऱ्या शेतकऱ्याने पंपावर हजार रुपये मोजले, की त्यांतला मोठा हिस्सा केंद्राच्या आणि राज्याच्या तिजोरीत जातो. आपल्याला वाटतं, तेलाचे राजे दूर तिकडे आखातात आहेत. पण तेलावरच्या करातून इथलंही सरकार चालतं, आणि तो कर आपल्या हातातून जातो.

म्हणजे नळीवर आपला हात आहे. आता कुऱ्हाड उचलायची गरज नाही, कारण मत आहे, ग्रामसभा आहे, माहितीचा अर्ज आहे. पण रस्ता झाला, घरकुल मिळालं, खात्यात अनुदान पडलं की आपण ज्या पुढाऱ्याचे हात जोडून आभार मानतो, त्याने ते स्वतःच्या खिशातून दिलेलं नसतं. त्यात आपण सकाळी भरलेल्या डिझेलचा पैसा असतो. हक्काच्या गोष्टीला आपणच मेहेरबानी म्हणू लागलो, की फर्मान लिहिणारा कोणीतरी पुन्हा उभा राहतो. म्हणून ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघेल तेव्हा आभाराच्या ठरावाआधी खर्चाचा हिशेब वाचायला सांगा. याच मातीत एके काळी तेवढं विचारायला सभेची परवानगी मिळत नव्हती आणि झाडावर कुऱ्हाड घालावी लागली होती.